गोडाऊनची नोकरी आणि ‘उद्यापासून येतो’ची किंमत

भिवंडी : माणकोली नाक्यापासून पडघ्यापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोडाऊनच गोडाऊन उभी आहेत. सणासुदीचे सेल तोंडावर आले की भिवंडी ग्रामीण, शहापूर, मुरबाड आणि शेजारच्या वाडा तालुक्यातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच मेसेज फिरायला लागतात. पिकर-पॅकर पाहिजेत, दहावी-बारावी चालेल, बसची सोय आहे, आधार आणि बँक पासबुक घेऊन या. पोरं-पोरी जातात, रांगेत उभी राहतात, काहींना काम मिळतं. पण दोन महिन्यांनी त्याच गावच्या पारावर बसलं तर ऐकू येतं, ‘कंपनीवाले स्थानिकांना घेत नाहीत.’ गेटच्या आत सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणतो, ‘स्थानिक टिकत नाहीत.’

दोन्ही तक्रारींत थोडंथोडं खरं आहे. जमीन गेली, रस्ता गेला, धुरळा आणि ट्रॅफिक वाट्याला आलं, मग नोकरीत आपला नंबर पहिला का नाही, हा गावाचा प्रश्न रास्तच आहे. पण नोकरी मागताना, ती घेताना आणि ती सोडताना आपण कसं वागतो याचा हिशेब आता कुठेतरी लिहिला जातो, हे अजून बऱ्याच घरांत पोहोचलेलं नाही.

भिवंडीत ही सवय का लागली, ते बघायला थोडं मागे जावं लागेल. हे शहर वाढलं ते यंत्रमागावर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचं बरंच काम भिवंडीच्या मागांवर आलं. त्या धंद्यात अर्ज ही भानगडच नव्हती. मुकादमाची ओळख, गाववाल्याचा शब्द, बस्स. आज एका शेठच्या लूमवर, उद्या दुसऱ्याच्या. पगार मीटरवर, नोंद शेठच्या वहीत, आणि वही शेठच्या गल्ल्यात. माणूस सांगून गेला काय, न सांगता गेला काय, पुढच्या शेठला त्याचं काही कळत नव्हतं. कळलं तरी कारागीर हात चांगला असेल तर तो विचारायचा नाही.

गोडाऊनं आली ती वेगळ्या कारणाने. मुंबईत माल नेला की जकात लागायची. भिवंडी तालुक्यातली काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडा, वळ ही गावं ग्रामपंचायतीच्या हद्दीत, तिथे जकात नाही, आणि मुंबई हाकेच्या अंतरावर. म्हणून व्यापाऱ्यांनी तिथे माल ठेवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोडाऊनं गेली नाहीत, उलट मोठी झाली. एका राज्यात चार छोटी कोठारं ठेवण्यापेक्षा एकच मोठं ठेवणं कंपन्यांना परवडू लागलं. ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या कंपन्यांचा माल इथून निघू लागला. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता थेट भिवंडी तालुक्यात येऊन थांबला.

या नव्या गोडाऊनात मुकादमाच्या शब्दावर आत जाता येत नाही. आधार लागतं, बँक खातं लागतं, पीएफचा यूएएन नंबर लागतो. बऱ्याच ठिकाणी चेहरा दाखवून हजेरी लागते. आणि खरी अडचण इथेच सुरू होते. भरतीचे कागद नव्या जमान्याचे आले, वागणं मात्र अजून लूमच्या जमान्यातलं आहे. दोन्ही बाजूंचं.

हो म्हणायचं आणि फोन बंद ठेवायचा

सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे ‘उद्यापासून येतो’. मुलगा एकाच आठवड्यात तीन ठेकेदारांकडे फॉर्म भरतो. त्यात चूक काही नाही. पोट आहे, चार ठिकाणी विचारावंच लागतं. पण तिघांनाही ‘हो दादा, नक्की’ म्हणतो, एकाकडे जातो आणि उरलेल्या दोघांचे फोन उचलत नाही. तिकडे त्या दोन ठेकेदारांनी कंपनीला माणसांचा आकडा कळवलेला असतो, बसमध्ये जागा धरलेली असते, गेटपास निघालेला असतो. माणसं कमी पडली तर ठेकेदाराला कंपनीकडे उत्तर द्यावं लागतं. मग पुढच्या भरतीला तो कुठल्या तालुक्याकडे फिरवतो, हे वेगळं सांगायला नको. परराज्यातला मुलगा गोडाऊनच्या मागच्या खोलीवर राहतो, त्याला लावणी नाही, गावची जत्रा नाही, तो सकाळी हजर असतो. ठेकेदाराचं गणित एवढंच असतं. त्यात भूमिपुत्रांवर राग वगैरे काही नसतो.

दुसरी बाब सोडून जाण्याची. जून-जुलैत भातलावणी आली की आठ दिवस दांडी, गणपतीत पुन्हा दहा दिवस. घरची शेती आहे, माणूस जाणारच. पण सुपरवायझरला आधी सांगून, लेखी रजा टाकून जाणारा आणि एका रात्रीत गायब होणारा, यांच्यात पगाराच्या दिवशी फरक पडतो. गायब झालेल्याचा त्या महिन्याचा पगार अडकतो, हिशेबासाठी दहा चकरा होतात, आणि पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख कुणी टाकत नाही.

ही तारीख क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे पैसे अडकतात. यूएएन नंबर एका माणसाला आयुष्यभर एकच असतो. प्रत्येक ठेकेदाराने कधी घेतलं, कधी सोडलं, हे त्याच्याखाली एकाखाली एक नोंदलं जातं. आधीच्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख भरली नसेल आणि नव्याने कामावर घेतल्याची तारीख टाकली तर पैसे काढताना कटकट होते. यावर उपाय आहे. शेवटची वर्गणी भरल्यानंतर दोन महिने उलटले की कामगार स्वतः पीएफच्या साइटवर जाऊन नोकरी सोडल्याची तारीख टाकू शकतो. ही सोय २०२० पासून आहे, पण यूएएन आधारशी जोडलेला आणि मोबाईल नंबर तोच चालू असला तरच. दर तीन महिन्यांनी सिम बदलणाऱ्या पोरांची इथेच फजिती होते.

आणि मोठ्या कंपन्या सुपरवायझर, इन्व्हेंटरी किंवा ऑफिसच्या जागेवर माणूस घेताना मागच्या नोकऱ्या तपासतात. अर्जात ‘दोन वर्षांचा अनुभव’ लिहिलं आणि यूएएनच्या नोंदीत दीड-दीड महिन्याचे पाच ठेकेदार निघाले, की मुलाखत घेणाऱ्या मॅडम वाद घालत नाहीत. ‘कळवतो’ म्हणतात.

दुसऱ्याच्या आधारवर काम

याहून वाईट एक प्रकार चालतो, आणि तो मदत म्हणून चालतो. भाऊ अठराचा झालेला नाही, किंवा स्वतःच्या आधारवर जन्मतारीख चुकलेली आहे, म्हणून चुलत भावाच्या आधारवर नाव लावायचं. किंवा मित्र आठवडाभर गावी गेलाय, त्याचा गेटपास गळ्यात घालून त्याची शिफ्ट मारायची. घरच्यांना यात गैर वाटत नाही. ‘पोरगं कामच करतंय ना, चोरी तर नाही!’

कायदा याकडे वेगळ्या नजरेने बघतो. खोटी माहिती देऊन दुसऱ्याची ओळख आपली म्हणून दाखवली तर आधार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण शिक्षेची गोष्ट बाजूला ठेवली तरी नुकसान समोर आहे. महिनाभर घाम गाळायचा आणि पीएफ जमा होणार चुलत भावाच्या नावावर. ईएसआयचं कार्डही त्याच्याच नावाचं. रॅकवरून खोकं पडून हात मोडला तर दवाखान्यात कोणतं नाव सांगायचं?

२९ एप्रिल २०२३ ला भिवंडी तालुक्यातल्या वळपाडा इथली गोडाऊनची इमारत कोसळली. आठ जणांचा जीव गेला. अशा वेळी सगळ्यात आधी विचारलं जातं, आत कोण कोण होतं? नुकसानभरपाई, विमा, वारसाची पेन्शन, सगळं हजेरीपटावर कोणाचं नाव आहे यावर ठरतं. दुसऱ्याच्या नावाने आत गेलेल्या माणसाचे घरचे कोणता कागद दाखवणार? जन्मतारीख चुकली असेल तर ती आधार केंद्रावर जाऊन दुरुस्त करून घ्यायला एक-दोन दिवसांचा रोज बुडेल. तेवढा बुडू द्यावा.

खोट्या मार्कशीट आणि खोट्या अनुभवपत्रांचंही तसंच. झेरॉक्सच्या दुकानात शिक्क्यासकट अनुभवपत्र बनवून मिळतं म्हणतात. गोडाऊनच्या पॅकिंगला ते कुणी बारकाईने बघतही नसेल. पण ते पत्र फायलीत राहतं. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, २०१९-२० च्या परीक्षेत गुण वाढवून पास झालेले साडेसात हजारांहून जास्त उमेदवार सापडले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये परीक्षा परिषदेने त्यांचा निकाल रद्द केला. त्यातले काही जण तोवर शाळेत शिकवतही होते. कागद दोन-अडीच वर्षांनी उलटा फिरला. बनावट कागद वापरून फसवणूक केली तर नव्या भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गोडाऊनच्या पंधरा-सोळा हजारांच्या नोकरीसाठी हा धोका पत्करणं म्हणजे काकडीच्या चोरीला फाशी ओढवून घेणं.

आणि ठेकेदाराचं काय?

इथवर वाचून कुणी म्हणेल, सगळं आमच्याच माथी का? बरोबर आहे. वागणुकीचे धडे नेहमी नोकरी मागणाऱ्याला मिळतात, देणाऱ्याला कुणी विचारत नाही. ‘टिकत नाहीत’ म्हणणाऱ्या सुपरवायझरला विचारायला पाहिजे की टिकण्यासारखं तुम्ही ठेवलं काय. मेसेजमध्ये ‘पॅकिंग’ लिहायचं आणि पहिल्याच दिवशी ट्रकवर लोडिंगला उभं करायचं. आठ तास सांगून बारा तास काढायचे. बसची सोय म्हणजे कल्याण किंवा वाशिंद स्टेशनवरून, आणि त्या स्टेशनपर्यंत पहाटे साडेचारला कसं यायचं ते मुरबाडच्या पोरीने बघायचं. भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे पार करून वेळेत आलेल्या माणसाला खरं तर अर्धा दिवस जास्त लावायला पाहिजे. तिथे दहा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापतात.

अर्ज करून गेलेल्याला ‘नाही’ सुद्धा न कळवणं, मुलाखतीला बोलावून दिवसभर उन्हात बसवणं, कारण न सांगता बस बंद करणं, हे सगळं गैरवर्तनच. पोरं फोन उचलत नाहीत ही तक्रार करणारे ठेकेदार स्वतः पगाराच्या तारखेला किती वेळा फोन उचलतात?

याहून गंभीर म्हणजे पैसे मागणं. फॉर्म फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, आयडी कार्डचे पाचशे, ‘साहेबांना द्यायचे’ म्हणून दोन हजार. सरळ कंपनी किंवा बरा ठेकेदार नोकरी लावायचे पैसे मागत नाही. ज्याने मागितले त्याच्याकडे नोकरी नाही, असं धरून चालावं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर जितक्या लवकर फोन होईल तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत रोखले तरच परत येण्याची आशा. मूळ मार्कशीट ठेवून घेणारेही आहेत. तपासायला दाखवावी, झेरॉक्स द्यावी, मूळ कागद घरी आणावा. झेरॉक्सवर ‘अमुक कंपनीच्या नोकरीसाठी’ असं लिहून तारीख आणि सही टाकली तर तोच कागद कुणाचं सिम काढायला वापरणं अवघड जातं.

कायदा या बाबतीत नुकताच बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं बंधन मालकावर आहे. नोकरी सुटली किंवा सोडली तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीची जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होती, संहितेतही आहे. कागदावर हे छान आहे. भिवंडीच्या गोडाऊनांत ते किती उतरतं हे नियुक्तीपत्र मागणारे किती निघतात यावर बरंचसं ठरेल. एकट्याने मागितलं तर ‘उद्या देतो’ होतं. गावच्या दहा जणांनी जॉइनिंगच्या दिवशीच मागितलं तर ठेकेदाराला टाळणं जड जातं. उद्धटपणे मागायचीही गरज नाही: ‘सर, जॉइनिंग लेटर कधी मिळेल? बँकेत लागतंय.’ एवढं पुरतं.

पगारातून पीएफ कापला जातो पण भरला जातो का, हे कळायला मार्ग सोपा आहे. यूएएनला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शिल्लक मेसेजने येते. मात्र यूएएन चालू केलेला आणि आधारशी जोडलेला पाहिजे. पीएफ पगाराच्या बारा टक्के कापतात, मालकही तेवढेच भरतो. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयचे पाऊण टक्का कापतात आणि त्यात घरच्यांनाही उपचार मिळतात. कापले आणि भरले नाहीत, तर तक्रार थेट पीएफ कार्यालयाकडे करता येते.

एक गोष्ट मात्र पोरांनी स्वतःची स्वतः करून घेतलेली आहे. नोकरी सुटली की पीएफ काढायचा, मोबाईल घ्यायचा. पीएफमधल्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. दरवेळी पेन्शनचेही पैसे उचलले की मोजणी पुन्हा शून्यावर. पंचविशीत हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मोबाईल चार वर्षांत जुना होतो, हे मात्र येतं.

स्थानिक म्हणजे कोण

‘ऐंशी टक्के स्थानिक’ हा शब्द निवडणुकीत जोरात चालतो. त्यातली बारीक अक्षरं वाचायला हवीत. २००८ च्या शासन निर्णयात, सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के आणि पर्यवेक्षकाच्या जागांवर किमान ५० टक्के स्थानिक घ्यावेत, असं म्हटलं. स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहणारा. म्हणजे अंजूरचा मुलगा जितका स्थानिक, तितकाच बीडचा किंवा नंदुरबारचा. ठेकेदाराकडची हंगामी भरती या आकड्यात कशी मोजायची, हा वाद वेगळाच. म्हणून पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन गेटवर उभं राहणं हा रस्ता दिसतो तितका पक्का नाही. चिठ्ठीवर घेतलेला माणूस कामावरून काढणं अवघड, म्हणून कंपनी त्याला आधीपासूनच अशा जागी ठेवते की तिथून तो वर चढत नाही. हमालीच्या ठेक्यावरून गावागावांत झालेली भांडणं आठवणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

सरळ रस्त्यानेही जागा निघतात. राज्याच्या महास्वयंम पोर्टलवर नाव नोंदवता येतं आणि जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्यांची माहिती तिथेच मिळते. २०२४ ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार आणि पदवीला दहा हजार विद्यावेतन ठरलं होतं. त्यातून कायमची नोकरी मिळेल ही आशा धरलेल्यांची निराशा झाली, पण त्याचं प्रमाणपत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे खरा, तपासता येईल असा अनुभव आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या शिक्क्यापेक्षा तो बायोडाटात लिहिलेला केव्हाही चांगला.

बायोडाटावरून एक सांगण्यासारखं. ‘फ्लुएंट इंग्लिश’ लिहिलेले अर्ज ढिगाने येतात, आणि मुलाखतीत पहिल्याच वाक्याला मुलगा घामाघूम होतो. त्यापेक्षा ‘इंग्रजी वाचता येतं, बोलायला शिकतोय, एक्सेलमध्ये नोंदी करता येतात’ असं लिहिणारा मुलगा सुपरवायझरच्या लक्षात राहतो, कारण स्कॅनरवरचा इंग्रजी मेसेज वाचता येणं एवढंच त्या कामाला लागतं. मोबाईल नंबर चालू असलेला, नाव आधारवर आहे तसंच, जन्मतारीख तीच. डीपीला बंदुकीचा फोटो किंवा ‘नाद करायचा नाय’ असलं काही असेल तर भरतीच्या आठवड्यात तरी काढलेला बरा, एचआरवाले त्याच नंबरवर मेसेज करतात. आणि दुसरीकडे काम लागलं असेल तर एक ओळ: ‘दादा, मला दुसरीकडे लागलं, आत्ता येत नाही, पुढच्या वेळी नक्की कळवा.’ फुकटचा मेसेज आहे. तो पाठवणारे इतके कमी असतात की ठेकेदार तो नंबर जपून ठेवतो.

पोरींच्या बाबतीत गोष्ट आणखी नाजूक आहे. घरचे एकदाच परवानगी देतात. पहिल्या नोकरीत फसवणूक झाली, रात्रीची बस आली नाही, सुपरवायझर नीट बोलला नाही, तर दुसरी संधी मिळत नाही. म्हणून जॉइन व्हायच्या आधीच शिफ्ट किती वाजता सुटते, बस कुठे सोडते, बसमध्ये अजून कोण असतं, तक्रार कोणाकडे करायची, हे विचारून घेणं यात आगाऊपणा काही नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. समितीवर कोण आहे, हे विचारल्यावर ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडे जाण्याआधी दुसरा ठेकेदार बघावा.

पुढच्या काही वर्षांत इथलं काम आणखी वाढणार. आमण्याला समृद्धी येऊन टेकली आहे, पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात गोडाऊनच्या नव्या शेड उभ्या राहतात. त्यांत हमालीच्या जागा यंत्रं हळूहळू खातील. स्कॅनर चालवणारे, हिशेब ठेवणारे, फोर्कलिफ्ट चालवणारे आणि माणसं सांभाळणारे लागतील. या जागांसाठी अर्ज येतील तेव्हा समोरचा माणूस यूएएन नंबर टाकून मागची चार-पाच वर्षं उघडून बघेल. आज तीन ठेकेदारांना ‘उद्यापासून येतो’ म्हणून बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाची ती चार-पाच वर्षं या हंगामापासून सुरू झालेली आहेत.